तुडमाची पाळी

पवनी,
४ डिसेंबर २०२४

प्रिय डिंपल,

फोन केला की तू "मीटिंगमध्ये आहे वहिनी, नंतर करते" म्हणतेस आणि ते नंतर काही येत नाही. तक्रार करत नाही. मलाही फोन नकोसाच झालाय. हॅलो म्हटलं की समोरचा माणूस मी रडायची वाट बघतो, मला रडू येत नाही, आणि मग दोघंही कानाला फोन लावून उगाच उभे. कागदाला तेवढी घाई नसते.

तुझ्या दादाला जाऊन दीड महिना झाला. धान कापलं, चुरलं, पोती घरात आली. लोक म्हणतात पीक छान आलं. आलं असेल. मी सगळं करते, झोपही लागते. शेजारच्या शकुंतलाबाई परवा म्हणाल्या, "तू तं दगडच झाली वो हर्षा." मी म्हटलं, दगडाला निदान कोणी चहा करायला लावत नाही.

पण पत्र माझ्यासाठी नाही, आईंसाठी आहे. आई नवा भात खात नाहीत. सकाळी अर्धी भाकर, रात्री चहा, बस. इथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, म्हणाले अशक्तपणा फार आहे, जेवल्या नाहीत तर भरती करावं लागेल. मी रोज ताट वाढते, त्या रोज ताट सरकवतात. शेवटी एकदा बोलल्या, "ते मोबाईलातलं खोडून टाक म्हणा डिंपलले. ते हाय तोवर त्या पाण्याचा भात माह्या तोंडात नाही जाणार."

ते म्हणजे कोणतं, तुला कळलं असेल. तलावाच्या पाळ्यांची तुमच्या कंपनीची वही. तुझ्या दादानंच गावभर फिरून ती प्रत्येकाच्या मोबाईलवर टाकून दिली, कशी दाबायची ते म्हाताऱ्यांना शिकवलं, "माझ्या बहिणीनं बनवली" हे प्रत्येक घरी दोनदा सांगितलं. त्या दिवशी पाळी आमची होती. हा सकाळीच मळणीचं यंत्र ठरवायला शहापूरला गेला, मोबाईल चार्जिंगला लावलेला तसाच विसरून. आई चुलीपाशी पाठमोऱ्या बसल्या होत्या. म्हणाल्या, "चंदूले उशीर होऊन राहिला. तू जा बांधीवर, पाळी हातची जाईन. त्याचा मोबाईल घेऊन जा." मी गेले, तलावाच्या तुडमाचं दार उघडून पाणी धानाच्या बांधीत घेतलं आणि मोबाईलवर त्याच्या नावावर दाबलं. महामार्गावर ट्रकनं उडवल्याचं यादोरावकाका सांगत आले तेव्हा दुपार झाली होती आणि बांध्या भरल्या होत्या.

म्हणजे वहीत काय दिसतं? चंद्रकुमारनं पाणी घेतलं. आणि तो तर त्याच्या आधीच गेलेला. सुतकात घरचं कोणी तुडमाला हात लावत नाही, हे तुला सांगायला नको. मला माहीत नव्हतं म्हणून गाव काही बोलत नाही. पण चाळीस घरांच्या मोबाईलवर ती नोंद आहे आणि आईंना ती सोसवत नाही. तेवढी खोडून दे.

तुझी,
हर्षा वहिनी


पुणे,
१५ डिसेंबर २०२४

हर्षा वहिनीस,
नमस्कार.

पत्र मिळालं. नोंद खोडता येणार नाही.

का ते सांगते. एकच वही अनेकांच्या हातात, सगळ्यांकडे सारखी नक्कल, आणि एकटा कोणी कारभारी नाही, अशा वह्यांचं एक मोठं कुटुंब आहे. ब्लॉकचेन त्या कुटुंबातली एक. सगळा चिन्नोर तांदूळच असतो, पण सगळा तांदूळ चिन्नोर नसतो, तसं. लोक सरसकट सगळ्यांना ब्लॉकचेन म्हणतात, ते चूक आहे. आम्ही तलावासाठी बसवली ती मात्र खरी ब्लॉकचेन.

तिच्यात नोंदींचे गठ्ठे बांधतात. प्रत्येक गठ्ठ्यात आधीच्या गठ्ठ्याची खूण असते, त्या खुणेवरून पुढच्याची खूण निघते. आपल्या उतारावरच्या बांध्या आठव. वरच्या बांधीचं पाणी खालचीत, तिचं त्याच्या खालचीत. मधल्या एका बांधीतलं पाणी आता परत काढतो म्हटलं तर खालच्या सगळ्या बिघडतात. ऑक्टोबरातली एक नोंद बदलली तर त्यानंतरच्या सगळ्या खुणा चुकतात, आणि चाळीसही मोबाईल ती वही खोटी म्हणून नाकारतात. ती बनवलीच त्यासाठी आहे. खाली दुरुस्तीची नवी ओळ जोडता येते, जुनी जात नाही.

आईला डॉक्टरांकडे नीट ने. पैसे लागले तर कळव.

आणि वहिनी, त्या दिवशी पाळी सोडता आली असती. एका पाळीनं काही झालं नसतं. पण जाऊ दे ते.

डिंपल


पवनी,
२९ डिसेंबर २०२४

प्रिय डिंपल,

तुझं पत्र दोनदा वाचलं. नमस्कार वगैरे लिहिलास, म्हणजे रागावलीस हे कळलं. आपल्यात नमस्कार कधी होते?

पाळी सोडता आली असती म्हणतेस. आली असती. तो येईपर्यंत थांबले असते तर बरं झालं असतं, हे मलाही रोज वाटतं. पण त्या आठवड्यात तलावात पाणी होतं किती? शेवटची पाळी होती. लोंब्या दुधावर होत्या. आपली सुटली असती तर पुढच्यांनी ओढून घेतलं असतं आणि तुडमापाशी चिखल उरला असता. तुला पुण्यात बसून एका पाळीनं काही होत नाही. इथं होतं.

बांध्यांचं मी आईंना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि भिंतीकडे वळून झोपल्या. वजन आणखी उतरलंय, बांगड्या कोपरापर्यंत जातात. कालपासून भाकरही अर्धीची पाव झाली आहे. मी भात लपवून भाकरीच्या पिठात मिसळला तर त्यांना वासावरून कळलं. "मले फसवू नको," एवढंच बोलल्या.

यादोरावकाकांनाही विचारून पाहिलं, तलावाच्या समितीचे अध्यक्ष म्हणून. ते आपले नेहमीसारखे. "चाळीस जनाजवळ चाळीस नकला कायले पाह्यजे वो बाई? आपन का एकमेकाले चोर समजून राह्यलो?" मग म्हणाले, समिती काही हट्टाला पेटलेली नाही, पोरगी खोडत असेल तर खोडू दे.

तू लिहिलंस की कुटुंबात दुसऱ्या वह्याही आहेत. त्यातली एखादी अशी नाही का, जिच्यात एखादी गोष्ट राहू द्यायची की नाही हे माणसांना ठरवता येतं? आईंचं ऐकायला मला दुसरा रस्ता दिसत नाही. एक माणूस गेलं, आता दुसरं माझ्या डोळ्यांदेखत चाललंय आणि मी बघते आहे. बघताना काही होतही नाही मला. त्याचीच जास्त भीती वाटते.

हर्षा


पुणे,
१९ जानेवारी २०२५

वहिनी,

यादोरावकाकांना सांग, आमच्या ऑफिसात हेच बोलून झालं आहे. एकमेकांना न ओळखणाऱ्या, विश्वास नसलेल्या हजारो अनोळखी लोकांना कारभारी न नेमता एक वही चालवायची असेल, तर ब्लॉकचेनचा खटाटोप कामाचा. एका तलावावरच्या चाळीस घरांना, जी एकमेकांच्या लग्नात वाढपी असतात, तिची गरज नव्हती. तेव्हा ब्लॉकचेन हे नाव घेतलं की प्रकल्प मंजूर होत होता, म्हणून घेतलं. मीच घेतलं.

मार्चमध्ये आम्ही तलाव दुसऱ्या प्रकारच्या वहीवर नेतो आहोत. तिच्यातही कारभारी एकटा नाही, नकलाही अनेकांकडे. पण गठ्ठे नाहीत, साखळी नाही, आणि सगळं सगळ्यांकडे नाही. ज्या नोंदीशी ज्यांचा संबंध, ती त्यांच्याचकडे. दोन घरांनी पाळी अदलाबदल केली तर त्या दोन घरांकडे. समिती फक्त साक्षीदार. एकच पाळी दोघांना दिली नाही ना, एवढं ती पाहते. आत काय लिहिलंय ते तिला कळायची गरज नसते. तिथंही नोंदी सहसा खोडत नाहीत. पण जुन्या वहीतलं काय नवीत न्यायचं, हे या वेळी एकदाच संबंधितांना विचारणार आहोत. जुनी वही मग बंद, मोबाईलवरूनही जाईल. तुमच्या नोंदीचे संबंधित तीन. शेत आईच्या नावावर म्हणून आई, पाणी घेणारी म्हणून तू, आणि दादानं वारस म्हणून माझं नाव टाकलं होतं म्हणून मी. तिघींनी नको म्हटलं तर ती जाईल. माझं नको आहे असं धर.

आता मनात आहे ते लिहिते, नाहीतर ते तसंच राहील. दादाच्या पाकिटात माझं कार्ड होतं. सगळ्यांना दाखवायला ठेवायचा. शहापूरहून पहिला फोन त्या कार्डावर, मला आला. सकाळीच. मी लगेच आईच्या फोनवर केला. म्हटलं, आई, दादा गेला, वहिनीला सांग. आई "हो" म्हणाली. मग मी निघाले. गाडीत बसल्यावर सवयीनं ती वही उघडली, आणि त्यात नवी नोंद येऊन पडली होती. चंद्रकुमार, पाणी घेतलं. दाबणारी तू होतीस, हे घरी पोचल्यावर कळलं.

तुला कळल्यानंतर तू पाणी घ्यायला गेलीस, वहिनी. लोंब्या दुधावर होत्या हे मला समजतं. तरी तो रस्त्यावर पडलेला असताना तू बांध्या भरत होतीस, हे माझ्या डोक्यातून जात नाही. त्याच्या तेराव्याला मी तुझ्याकडे पाहिलं नाही ते त्यामुळे. फोन घेत नाही तेही त्यामुळे. मला तुझा राग येत नाही. काहीच येत नाही. तेच सांगायचं होतं.

डिंपल


पवनी,
१० फेब्रुवारी २०२५

डिंपल,

मला माहीत नव्हतं.

आईंनी मला सांगितलं नाही. त्यांनी मला पाठवलं. पहिल्या पत्रात मी हेच लिहिलं होतं, शब्द न शब्द. तू ते वाचलंस आणि तुला वाटलं मी झाकते आहे.

तुझं पत्र येऊन दोन आठवडे झाले. मी अजून त्यांना काही विचारलेलं नाही. रोज त्यांना अंघोळ घालते, औषध देते, ताट वाढते. त्या सरकवतात. आता मला कळतं का सरकवतात.

हर्षा


पुणे,
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय वहिनी,

चार महिने मी तुझ्याबद्दल हे मनात धरून बसले. त्याला माफी हा शब्द पुरत नाही, तरी माफी मागते. वेळ खरी होती, नाव होतं, नोंद खरी होती. बाकीचं मी मनानं भरलं. आम्ही लोकांना हेच सांगत फिरतो, की वही पाळीचा हिशेब चोख ठेवते, माणसाच्या मनाचा नाही, आणि मीच विसरले.

आईला विचारू नको. ती सध्या त्या अवस्थेत नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिघींच्या मोबाईलवर प्रश्न येईल. आईला फक्त अंगठा लावायला सांग, "नको" वर. नोंद जाईल. तिला वाटेल कोणाला काही कळलं नाही आणि ती जेवेल. आपण दोघी हे आपल्यात ठेवू. ती जगली पाहिजे, एवढंच मला हवं आहे. तुलाही तेच हवं आहे ना? नसेल तर तसं लिही. मी समजेन.

तुझी,
डिंपल


पवनी,
९ मार्च २०२५

प्रिय डिंपल,

तू सांगितलंस तसं करायला गेले आणि तसं झालं नाही.

गुरुवारी दुपारी प्रश्न आला. मी आईंना उठवून भिंतीला टेकवून बसवलं, मोबाईल मांडीवर ठेवला. म्हटलं, आई, ती नोंद आता जाणार. इथं अंगठा लावा.

त्यांनी अंगठा उचलला आणि तसाच धरला. म्हणाल्या, "नव्या वहीत ते कोन पाहीन?"

मी म्हटलं, ठेवली तर आपण तिघी. गाव नाही. यादोरावकाकाही नाही, ते नुसते साक्षीला.

"अन् डिंपल काय म्हनते?"

"डिंपल नको म्हणाली आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आजारी माणसाची नजर किती लख्ख असते, तुला ठाऊक नसेल. "तिनं तुले सांगतलं," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलं. मी खोटं बोलणार होते, तुझं पत्र मला पाठ होतं. पण तोंडातून "हो" निघालं.

मग त्या म्हणाल्या, "तुले मालूम, तिले मालूम. मंग खोडून कोनापासून लपवाचं आहे?"

 मग मोबाईलकडे बघून बोलत राहिल्या. तुझा फोन आला तेव्हा त्यांना फक्त चुलीवरचं दूध दिसत होतं म्हणाल्या. दूध उतरवलं. मग मी आत आले, आणि मला पाहून त्यांना बांधी आठवली. "तुले सांगतलं असतं तं तू कायले गेली असती? सुतक लागलं असतं अन् पाळी गेली असती. तो तं गेलाच होता. त्यानंच लावलेलं धान. त्याच्या मांगं तेही वाळून जाईन असं वाटलं मले." मग म्हणाल्या, "दुपारवरी तुले त्याच्यासाठी रडू नाही देलं मी. तं तुले आतावरी नाही आलं."

डिंपल, मला राग यायला हवा होता. मी तो सगळीकडे शोधला, खरंच सांगते, घरात हरवलेली किल्ली शोधतात तसा. नाही मिळाला. मला फक्त एवढं दिसलं की माझ्या आधी काही तास ही बाई एकटीच ते घेऊन चुलीपाशी बसली होती, आणि मी बांधीत पाय बुडवून गाणं म्हणत होते. हो, म्हणत होते. गार पाणी पायाला बरं वाटत होतं. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही.

नोंद त्यांनी ठेवायला लावली. "हो" वर अंगठा लावला आणि म्हणाल्या, "खालती माह्या नावानं लिही. मनकर्णाले मालूम होतं." मी म्हटलं, कशाला आई. तर म्हणाल्या, "लिही म्हनलं नं. तिघीयजवळच तं राह्यते." मी लिहिलं. त्यांनी त्यालाही अंगठा लावला. समितीची साक्ष अर्ध्या तासात आली, यादोरावकाकांना काय कळलं असेल तर एवढंच की पाळी एकच होती. तुझ्याकडेही ती ओळ येऊन पडली असेल. तुझं "नको" आता मागे घे. एकीनं हो म्हटलं तरी ती राहते, पण मीही हो म्हटलंय, तूही म्हण.

संध्याकाळी आई म्हणाल्या, भात टाक. नव्या पोत्याचा टाकला. त्यांना चार घास गेले. मीठ कमी आहे म्हणाल्या, म्हणजे आता जगतील.

मग माझं ताट घेऊन मी समोर बसले. आजवर तोच भात खात आले होते, रोज, चव न घेता. त्या दिवशी पहिल्यांदा चव लागली. डिंपल, भात फार चांगला झाला आहे. लांब, मोकळा, तुझ्या दादाला आवडायचा तसा. तेवढं मला सोसलं नाही. आईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

या नव्या तांदळाची तुझ्यासाठी वेगळी काढलेली पायली तुला पाठवते आहे. शकुंतलाबाईंची मुलगी पुढच्या आठवड्यात पुण्याला येते आहे, ती आणून देईल. ठेवून देऊ नकोस. करून खा.

तुझी,
हर्षा